नर्सिंगची नोंदणी निलंबित झाली असेल तर : चारित्र्याची पत्रं कुणाकडून आणि कशी घ्यायची

नर्सिंग कौन्सिलचा, म्हणजे नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेचा, निलंबनाचा कागद घरी आला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. घरातलं कुणीतरी ‘ओळखीनं काय होतंय बघूया’ म्हणत पुढाऱ्याच्या दारात जातं, आणि दुसरं कुणीतरी गल्लीत फिरून ‘सदर व्यक्ती सुस्वभावी असून तिचे वर्तन चांगले आहे’ असे दाखले गोळा करायला लागतं. दोन्हीत वेळ जातो आणि हाती फारसं काही लागत नाही.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात स्टाफ नर्स आहे. माझ्या धाकट्या जावेची नोंदणी निलंबित झाली होती, तेव्हा तिच्या फाईलमागं मीच धावले. ठपका असा होता की रात्रपाळीत बीपी न घेताच चार्टवर आकडे भरले. तिनं तो नाकारला नव्हता. पुढं नोंदणी परत मिळाली, आणि त्यात पत्रांचा वाटा मोठा होता. पण कामाला आलेली पत्रं वेगळी होती आणि आम्हाला आधी सुचली होती ती वेगळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी सिस्टरांना या वाटेनं जावं लागलं तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. वकिलाचा सल्ला याच्या बाहेर घ्यायचाच आहे, ते धरून चाला.

१. नेमकं काय बंद झालंय ते आधी बघा

‘सस्पेंड झाले’ असं आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो, आणि तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत.

नोकरीतून निलंबन हे हॉस्पिटलचं काम. सरकारी नोकरीत असाल तर ते १९५७ च्या कर्नाटक नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील) नियमांखाली चालतं आणि खात्यातच लढायचं असतं. नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं असेल तर ते निलंबन नव्हेच; तिथं फॉर्म आणि फी लागते, चारित्र्याचं पत्र नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कौन्सिलनं चौकशी करून नोंदणीच थांबवणं किंवा रजिस्टरमधून नाव काढणं. हा लेख फक्त या तिसऱ्यासाठी आहे.

सीमाभागात इथं एक फाटा फुटतो. आपल्यातल्या बऱ्याच जणी मिरज, सांगली, कोल्हापूरला शिकल्या. त्यांची पहिली नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये, आणि नोकरीसाठी दुसरी नोंदणी बंगळुरूच्या कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये. आदेश कुणी काढलाय ते लेटरहेडवर बघा. कर्नाटकाचा कारभार १९६१ च्या कायद्यावर उभा आहे, महाराष्ट्राचा १९६६ च्या. त्यावर २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा आला, त्यामुळं अधिकाऱ्यांची आणि मंडळांची नावं बदलत राहणार. म्हणून अर्जावर आणि पत्रांवर पत्ता घालताना जुन्या मैत्रिणीच्या अर्जाची नक्कल करू नका. तुमच्या आदेशावर खाली ज्याची सही आहे, त्याच्याच हुद्द्याला लिहा.

एका राज्यात निलंबन झालं म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीवर गुपचूप ड्यूटी करावी, असं सांगणारे भेटतात. करू नका. राष्ट्रीय पातळीवर नर्सना एकच ओळख क्रमांक मिळायला लागलाय, आणि पुढं अर्ज करताना ‘दुसरीकडं कुठं नोंदणी आहे का’ हा प्रश्न येतोच.

२. आदेश पेन्सिल घेऊन वाचा

तीन जागांखाली रेघ मारा: ठपका कोणत्या शब्दांत ठेवलाय, निलंबन किती मुदतीचं आहे, आणि परत नोंदणी मिळण्यासाठी काही अट घातली आहे का. अपिलाची मुदत दिली असेल तर ती कॅलेंडरवर लिहा; पत्रं जमवण्याच्या नादात ती हुकली तर पत्रांना किंमत उरत नाही.

आदेशाची पूर्ण प्रत किंवा चौकशीचे कागद हाती नसतील तर आधी कौन्सिलकडं लेखी मागा. नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. आपल्याला सवय असते सगळी कहाणी लिहायची. तो अर्ज तसाच परत येतो.

पैशाची अडचण असेल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा.

३. पत्रानं काय होतं आणि काय होत नाही

‘ती असं करणारच नाही’ अशी दहा जणांची पत्रं लावली तरी ठपका पुसला जात नाही. घडलं की नाही हे चार्ट, रजिस्टर, साक्षी यांवर ठरतं. पत्रांचं काम त्यानंतरचं. शिक्षा किती असावी आणि आता हिच्या ताब्यात पुन्हा पेशंट द्यायला हरकत आहे का, एवढ्याच प्रश्नाला ती उत्तर देतात.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. ज्या गुणावर ठपका आलाय, त्याच गुणाबद्दल बोलणारी पत्रं हवीत. औषधांच्या रजिस्टरचा घोळ असेल तर हिशेबाबद्दल. दारूच्या नशेत ड्यूटीवर आल्याचा ठपका असेल तर व्यसनमुक्ती केंद्राच्या समुपदेशकाचं पत्र. पेशंटला उद्धट बोलल्याचं असेल तर तिच्यासोबत वॉर्डात उभं राहिलेल्या माणसाचं. चार्टवर खोटे आकडे भरल्याच्या प्रकरणात ‘ती फार प्रेमळ आहे’ या वाक्याचा काय उपयोग? प्रेमळपणावर कुणी शंका घेतलीच नव्हती.

त्याच गोष्टीवर पोलिसात गुन्हाही दाखल असेल तर एकही पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय लावू नका. पत्रात घटनेबद्दल लिहिलेलं एखादं वाक्य उद्या कोर्टात आडवं येऊ शकतं.

४. माणसं निवडा

चार-पाच पुरेत. पंधरा पत्रांचा गठ्ठा कुणी वाचत नाही, आणि त्यात निम्मी सारखीच असतात.

पहिली निवड म्हणजे तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेली वरिष्ठ व्यक्ती: वॉर्ड इन्चार्ज, नर्सिंग सुपरिंटेंडंट, निवृत्त मेट्रन, नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर. दुसरी, तुमच्यासोबत काम केलेला डॉक्टर. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी असेल तर उत्तम. तिसरी, घटनेनंतरचा काळ पाहिलेलं कुणीतरी. हीच जागा बहुतेकांच्या फाईलमध्ये रिकामी असते.

आमच्या जावेच्या फाईलमध्ये ती भरली स्त्री शक्ती संघाच्या, म्हणजे बायकांच्या बचत गटाच्या, अध्यक्ष मावशींनी. नोंदणी बंद झाल्यावर ती घरी होती, तेव्हा गावातल्या संघाचं हिशेबाचं वही-पुस्तक तिच्याकडं आलं. आठवड्याची बचत, कुणाचं कर्ज, किती व्याज. मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी लिहिलं ते असं: “दर बैठकीत ती पैसे सगळ्यांसमोर मोजून मग वहीत लिहिते. एकदा वीस रुपये कमी आले, तर तिनं तसंच ‘वीस कमी’ म्हणून लिहिलं, स्वतःचे घालून जुळवलं नाही.” सुनावणीत अध्यक्षांनी हेच पत्र हातात घेऊन दोन प्रश्न विचारले. आकडे खोटे भरल्याचा ठपका, आणि समोर आकडे जुळत नसताना जुळत नाहीत असंच लिहिणारी बाई. आणखी काय पाहिजे?

आता नको ती माणसं. आई-वडील, नवरा, दीर-जाऊ यांची पत्रं लावू नका. म्हणून मी स्वतः पत्र दिलं नाही. आमदार, खासदार, जिल्हा पंचायत सदस्य यांच्या लेटरहेडवरचं ‘मी यांना ओळखतो’ हे पत्र तर दोन्हीकडून नडतं. त्यांनी तुम्हाला सलाईन लावताना पाहिलेलं नसतं, आणि वाचणाऱ्याला ते दडपण वाटतं. आपल्या भागात कुठल्याही कागदावर कुठल्या पक्षाची, कुठल्या समितीची छाप आहे हे पहिल्यांदा बघितलं जातं. फाईल आजारपण, औषध, ड्यूटी यांवरच राहू द्या.

पेशंट आणि त्यांचे नातेवाईक हा नाजूक भाग. प्रेमानं लिहून द्यायला तयार असतात, पण पत्रात आजाराचा तपशील आला की गोपनीयतेचा नवा प्रश्न उभा राहतो. आणि ज्या पेशंटवरून तक्रार झाली, त्याच्या घरी ‘माफीचं पत्र द्या’ म्हणून तर चुकूनही जाऊ नका. ते साक्षीदारावर दबाव म्हणून वाचलं जातं.

५. पत्र मागताना आदेश दाखवा

सगळ्यात अवघड पायरी हीच. लाज वाटते. म्हणून लोक म्हणतात, “सर, एक कॅरेक्टर सर्टिफिकेट पाहिजे होतं, नोकरीसाठी.” सर बिचारे तसं लिहून देतात. मग कौन्सिलमधून फोन गेला की “हिची नोंदणी निलंबित आहे हे ठाऊक होतं का?” आणि सर गप्प. त्या क्षणी पत्र मेलंच, वर अर्जदार लपवाछपवी करते अशी नोंद होते.

म्हणून आदेशाची झेरॉक्स सोबत घेऊन जा आणि समोर ठेवा. आम्ही निवृत्त मेट्रनबाईंकडं टिळकवाडीला गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून सगळा आदेश वाचला, मग जावेला विचारलं, “बीपी घेतलं नव्हतंस?” ती म्हणाली, “नाही मॅडम.” “मग मी तसं लिहिणार. चालेल?” असं विचारणारा माणूस भेटला तर सोडू नका. आदेश वाचून कुणी नको म्हणालं, तर आभार मानून उठा. गळ घालून घेतलेलं पत्र वाचताना कळतं.

मजकूर तुम्ही टाईप करून नेऊ नका. मुद्दे द्या, तारखा द्या, वाक्यं त्यांची राहू द्या. झेरॉक्सच्या दुकानात एकाच फाईलमध्ये नावं बदलून चार पत्रं काढलेली मी पाहिली आहेत. चारही ठिकाणी ‘प्रामाणिक’ शब्दात तीच चूक होती.

६. पत्रात काय असावं

एका पानाचं पुरे. लेटरहेड असेल तर त्यावर, नसेल तर कोऱ्या कागदावर. हातानं लिहिलेलं चालतं, फक्त वाचता आलं पाहिजे. यातल्या गोष्टी यायला हव्यात:

लिहिणाऱ्याचं नाव, हुद्दा, नोंदणी क्रमांक असल्यास तो, पत्ता आणि फोन. अर्जदाराला कधीपासून, कोणत्या नात्यानं ओळखतात. आदेश वाचला आहे आणि ठपका काय आहे हे ठाऊक आहे, असं स्पष्ट वाक्य. स्वतः पाहिलेली एखाद-दुसरी घटना. घटनेनंतर तिच्यात काय फरक दिसला. ती पुन्हा कामावर आली तर तिला आपल्या हाताखाली घ्यायला किंवा तिच्यासोबत काम करायला तयार आहेत का. तारीख आणि सही.

मेट्रनबाईंच्या पत्राचा मधला भाग त्यांच्या परवानगीनं, नावं काढून देते. हा नमुना म्हणून वाचा, नक्कल म्हणून नको:

“ही माझ्या वॉर्डात स्टाफ नर्स होती. आपला आदेश मी वाचला आहे. बीपी न तपासता नोंद केल्याचे तिने माझ्यासमोर मान्य केले. ही चूक किरकोळ आहे असे मी मानत नाही, कारण त्याच आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात. माझ्या वॉर्डात असताना एका पेशंटला चुकीच्या वेळी डोस गेल्याचे तिने स्वतः येऊन सांगितले होते, कुणाच्या लक्षात येण्याआधी. म्हणून तिला पुन्हा संधी दिल्यास पहिले काही महिने देखरेखीखाली ठेवावे, असे माझे मत आहे.”

शेवटचं वाक्य वाचून घरात सगळे नाराज झाले होते. देखरेखीखाली म्हणजे काय, असं. मला ते वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण ज्याला पेशंटची काळजी आहे तोच असं लिहितो. आदेशातही पुढं तशीच अट आली.

‘निष्पाप आहे’, ‘राजकारण करून अडकवलं’, ‘दोन लहान मुलं आहेत, दया करावी’ ही वाक्यं पत्रात नकोत. पहिली दोन अपिलाच्या मुद्द्यांत वकील मांडेल. घरची परिस्थिती तुमच्या अर्जात एका ओळीत येऊ द्या.

७. भाषा

बेळगावात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो, म्हणून सरळ सांगते. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं आपल्याला दिलाय. पण तुमच्या फाईलचं भवितव्य त्या टेबलावर बसलेल्याला पत्र कळण्यावर आहे. हक्काची लढाई मोठी आहे आणि ती लढायलाही हवी; स्वतःच्या पोटापाण्याची फाईल तिच्यात घालू नका.

आम्ही असं केलं: मावशींनी मराठीत लिहिलं, मेट्रनबाईंनीही. मूळ पत्र तसंच ठेवलं, त्यामागं इंग्रजी भाषांतर जोडलं आणि भाषांतर करणाऱ्यानं ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर मुळाबरहुकूम आहे’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर दिलं. मराठीतच धड बोलता येणाऱ्या माणसाकडून तोडकं इंग्रजी किंवा कानडी पत्र लिहून घेण्यापेक्षा हे बरं. भाषांतरात शब्द सजवू नका. ‘वीस कमी’ हे ‘वीस कमी’च राहिलं पाहिजे.

आणि पत्र लिहिणाऱ्याला सांगून ठेवा की बंगळुरूहून फोन आला तर तो कानडीत किंवा इंग्रजीत असेल. मावशींना आम्ही एक वाक्य शिकवून ठेवलं होतं: ‘नन्न मगळन्नु करेयुत्तेने’, म्हणजे मुलीला बोलावते. मुलगी कानडी शाळेतली, तिनं पुढचं सांभाळलं असतं. फोन आला नाही ते सोडा.

८. नावं जुळवा

इथं फायली अडकतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव मराठी पद्धतीनं, नोंदणीवर लग्नानंतरचं, आधारवर कानडीवरून इंग्रजी केलेलं, आडनावाच्या शेवटी एखादं अक्षर जास्त. गावाचंही तेच, २०१४ नंतर कागदांवर ‘बेळगावी’, त्याआधीच्यांवर ‘बेळगाव’. गावाच्या नावाला कुणी अडवत नाही, तुमच्या नावाला अडवतात.

नोंदणी प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे, तेच सगळ्या पत्रांत वापरायला सांगा. चिठ्ठीवर लिहूनच द्या. तरी फरक राहिला तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा. कोर्टाच्या आवारात नोटरी मिळतात, स्टॅम्प पेपर तिथंच. नोटरीच्या टायपिस्टला मजकूर तोंडी सांगू नका, लिहून न्या. नंतर ‘नर्स’च्या जागी ‘शेतकरी’ निघतं, कारण आधीच्या गिऱ्हाईकाचाच मजकूर त्यानं उघडलेला असतो.

९. फाईलमध्ये काय लागेल

पुनर्नोंदणीचा किंवा निलंबन मागे घेण्याचा अर्ज, आदेशाची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, डिप्लोमा किंवा पदवी, आधार, नाव बदलल्याचा पुरावा, नोकरीचे अनुभव दाखले, चारित्र्याची मूळ पत्रं, भाषांतरं, लिहिणाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या सही केलेल्या प्रती, निलंबनाच्या काळात केलेलं प्रशिक्षण, आणि अट असेल तर ती पुरी केल्याचा पुरावा. पोलिसांचा दाखला मागितला तर सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या वेबसाईटवरून अर्ज करता येतो.

याशिवाय तुमचं स्वतःचं निवेदन. काय घडलं, ते चूक का होतं, आता काय वेगळं कराल, दीड पानात. पत्रं आणि निवेदन एकमेकांशी भांडता कामा नयेत. निवेदनात ‘मी बीपी घेतलं होतं’ आणि मेट्रनच्या पत्रात ‘तिनं मान्य केलं’ असं झालं तर दोन्ही गेली.

निलंबनाच्या काळात काय करत होता हे विचारतात. ओळखीचं नर्सिंग होम ‘हेल्पर म्हणून लागा, इंजेक्शन तेवढी द्या’ असं म्हणतं तेव्हा पगाराचा मोह होतो. नोंदणी नसताना दिलेलं एक इंजेक्शन सगळी पत्रं खोटी पाडायला पुरेसं आहे.

प्रत्येक पानावर क्रमांक, वर अनुक्रमणिका, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. मूळ पत्रं पोस्टानं पाठवणार असाल तर स्पीड पोस्टच. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली. प्रत्यक्ष देणार असाल तर तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

१०. सुनावणी

बेळगावहून बंगळुरू साधारण पाचशे किलोमीटर. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी पोचते, पण गाडी लेट झाली तर सुनावणीची वेळ थांबत नाही. एक दिवस आधी जा.

पत्रं सहा महिने जुनी झाली असतील आणि तारीख पुढं ढकलली गेली असेल तर लिहिणाऱ्याकडून दोन ओळींचं ताजं पत्र घ्या. प्रश्न विचारतील ते ठपक्यावर. पत्रांत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ‘मॅडमनी काय लिहिलंय मला ठाऊक नाही’ असं झालं की अवघड. रडू आलं तर येऊ दे, पण उत्तर पूर्ण करा.

अर्ज फेटाळला तर कारणासह लेखी आदेश मागा. पुढं अपील किंवा उच्च न्यायालय. बेळगाव जिल्ह्यातले वकील बहुधा धारवाड खंडपीठातच जातात.

११. नोंदणी परत मिळाल्यावर

आदेश आला म्हणजे रजिस्टरमध्ये बदल झालाच असं समजू नका. संगणकावर स्थिती ‘निलंबित’च दिसत राहते आणि नवीन हॉस्पिटल तीच बघतं. बदल झाल्याचं लेखी घ्या, नूतनीकरणाची तारीख मधल्या काळात उलटून गेली असेल तर तेही लगेच करा. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर मुंबईला आदेशाची प्रत पाठवा. देखरेखीची अट असेल तर पहिल्या महिन्यापासूनच इन्चार्जची सही घेत चला. सहा महिन्यांनी मागच्या तारखांच्या सह्या मागायला गेलात तर पहिलाच ठपका नव्यानं लागेल. आणि पत्र देणाऱ्या प्रत्येकाला आदेशाची एक झेरॉक्स नेऊन द्या.